दुसरा हात

उन्हात मेण लावायचं नसतं.
जालन्यात हे सांगणं म्हणजे
मार्च ते जून दुकानच उघडू नको म्हणण्यासारखं.
म्हणून मी पहाटे चारला शटर उचलतो.
वजनकाट्याच्या भिंतीला टेकलेलं पत्र्याचं शेड,
एक ट्यूबलाइट, दोन बादल्या,
आणि इलियासचाचा, ज्यांचे गुडघे आता वाकत नाहीत,
खुर्चीतून नुसत्या हनुवटीनं दाखवतात
कुठं राहिलं ते.

आज मंदोदरी सिस्टरची गाडी.
तिसऱ्या हातातून आलेली, गर्द निळी.
अंबडहून रोज ये-जा, कधी नाइट ड्यूटी.
चावी देताना म्हणाल्या,
नवी करू नकोस. आहे तेवढी टिकव.

धुतली, पुसली. मग प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून
बॉनेटवरून फिरवला.
उघड्या हाताला गुळगुळीत लागतं
तेच पिशवीतल्या हाताला खरखरतं.
असं का, चाचांनाही ठाऊक नाही.
"पर्दा डाला तो खुर्दुरा समझता. बस."

ती खर म्हणजे लोखंड.
रात्रभर भट्ट्या चालतात, सळया निघतात,
वर गेलेलं कुठं तरी खाली बसणारच:
वाळत घातलेल्या पापडांवर, कडुलिंबावर,
आणि चाकांवर तर ब्रेकचं आपलं वेगळंच.
रिमवर औषध मारलं
की सडक्या अंड्याचा वास सुटतो
आणि दोन मिनिटांत जांभळी धार लागते,
पाचही काड्यांवरून, नटांच्या खड्ड्यांतून.
जुन्या टूथब्रशनं मी ती खरवडत बसतो.

बापाला एकदा म्हणालो,
तुपल्या भट्टीचं लोखंड लोकांच्या गाड्यांवर बसतंय.
तो भाकरी मोडत म्हणाला,
मंग? तुपलं दुकान कशावर चालतंय?

आता मेण. बोटाच्या पेरावर मावेल एवढंच.
परतूरची आत्या कुंकवाआधी
अशीच डबीत अनामिका टेकवायची,
कपाळावर एक गोल फिरवायची,
जास्त झालं की पदरानं टिपायची.
"दिसलं नाही पायजे. असलं पायजे."
तिचं मेण चिकटावं म्हणून,
माझं काहीच चिकटू नये म्हणून.
फिरवायची रीत मात्र एकच.
हे चाचांना सांगितलं तर ते
बराच वेळ डबीकडंच बघत राहिले.

चाकांना मेण चालत नाही, तापून वितळतं.
तिथं सीलंट, पातळ, दुधासारखं,
कापडाचं टोक पिळून प्रत्येक काडीच्या पाठीमागं,
जिथं कुणीही कधीच बघणार नाही.
मग तासभर हात लावायचा नाही.

गिऱ्हाइकाला शेवटी थेंब बघायचे असतात,
मग्गाभर पाणी टाकून, मोत्यासारखे पळणारे.
टँकर आठवड्यातून एकदा येतो.
बोअरचं वापरलं तर वाळून चुन्याचे डाग, केलेलं सगळं वाया.
सिस्टर काल म्हणाल्या,
नको दाखवू. पाणी ठेव. डाग पडला तर येईनच भांडायला.

सहाला तिसरी पाळी सुटली.
बाप रस्ता ओलांडून आला, डब्याची पिशवी मनगटाला,
आणि सरळ बॉनेटकडं हात.
थांब, मी ओरडलो, दुसरा हात बाकीय!
त्याचा हात तसाच वर राहिला.
आपले दोन्ही हात त्यानं उलटेपालटे बघितले.
"दोन्ही हैत की," म्हणाला.

चाचा इतके हसले की खुर्ची सरकली.
मग त्यांनीच हनुवटीनं दाखवलं, डिकी. ती सुकली होती.
बापाला मी पिशवी दिली.
त्यानं हात घातला, फिरवला, थांबला, पुन्हा फिरवला.
"कायच लागंना."

आणि मग, पिशवी तशीच ठेवून,
तो हात त्यानं दुसऱ्या हाताच्या कोपराखाली नेला,
जिथं ठिणग्यांचे बारके बारके वण आहेत.
सावकाश फिरवला. वर. खाली.
काय लागलं ते सांगितलं नाही.

ऊन वजनकाट्याच्या भिंतीवर आलं होतं.
मी कापड झटकलं,
दुसरा हात घ्यायला लागलो.