पन्नासचा गुलाबी

नळीतला रंग पुन्हा पन्नासचा.
पांढऱ्या कागदावर धरून, एक डोळा मिटून
मी त्याला पंचवीस म्हणून पाहिलं,
मग ट्यूब लावली.
पन्नासच. चादरीवर सांडलेल्या सरबताचा गुलाबी.

धायरीत तिसरा मजला. इथून समुद्र
घाट उतरून चार तास.
आमचा पोत्यातून येतो : लिटरला पस्तीस ग्रॅम मीठ,
आरओचं पाणी, बादलीत रात्रभर फिरणारा मोटरचा पंखा.
गुरुवारी नळ बंद, म्हणून बुधवारीच
मी समुद्र भिजवून ठेवते
इडलीच्या पिठाशेजारी.

तीन रविवार पाणी बदललं.
दगडांखालची घाण नळीनं ओढली,
स्किमरच्या कपातला काळा फेस
नाकाला ओढणी बांधून मोरीत ओतला.
खालच्या टाकीत शेवाळाचा गुंता सोडला,
त्याला रात्रपाळीचा दिवा दिला.
रंग हलेना.

टिंबर मार्केटमागचा मुश्ताक म्हणाला,
'व्होडका घाला, मॅडम. दिवसाला अर्धा एमएल.
जिवाणू त्यावर वाढतात, वाढता वाढता नायट्रेट खातात.'
घरात आलेली पहिली बाटली
मी तूरडाळीच्या डब्यामागे ठेवली.
खरवंडीकर काकू वाटी मागायला आल्या, दिसलीच त्यांना.
'माशांसाठी आहे,' मी म्हटलं.
'असं होय,' त्या म्हणाल्या.
ते 'असं होय' संध्याकाळपर्यंत
तिन्ही विंगांत पोचलं.

रंग तरी हलेना.
प्रवाळ मिटून बसलेले,
गळ्यापर्यंत बटणं लावलेल्या शर्टासारखे.
जोकर मासा तेवढा गुटगुटीत.
तेव्हाच कळायला हवं होतं.

रात्री अडीचला पाणी प्यायला उठले
तर दादा टाकीपुढे उभे.
निळ्या उजेडात बनियनही निळं.
चिमटीत खाणं.
'उपाशी आहेत गं बिचारे. तू विसरलीस.'

मी सातला दिलं होतं.
आठला त्यांनी दिलं होतं, साडेनऊला,
बहुधा बारालाही,
दर वेळी पहिल्यांदाच.

टेलिफोन खात्यात चौतीस वर्षं
तक्रारीच्या खिडकीवर बसलेला माणूस,
समोर उभ्या असलेल्याला
परत पाठवणं त्यांना कधी जमलं नाही.
काचेपलीकडून सात तोंडं उघडतात, मिटतात.
त्यांना ते ऐकू येत असणार.

न खाल्लेला घास तळाशी जातो.
त्याचा अमोनिया होतो, मग नायट्राइट, मग हे,
जे आपण होऊन कुठेच जात नाही,
बादल्यांनी न्यावं लागतं.

डबा लपवला
तर सकाळी पाण्यात पातळ पोह्यांचा चुरा.
रागावले मी. खूप.
ते म्हणाले, 'कुणी टाकले?'
आणि माझ्यापेक्षा जास्त रागावले.

आता त्यांच्याच गोळ्यांसारखा
सात कप्प्यांचा डबा माशांनाही आहे.
कप्प्यात एकेक चिमूट.
दादा झाकण उघडून बघतात :
'मंगळवार रिकामा. म्हणजे जेवले.'
पाच मिनिटांनी पुन्हा बघतात. पुन्हा सुटकेनं बसतात.
काल तसेच बसले आणि म्हणाले,
'माझा कप्पा कुठाय?
मी जेवलो का?'
'मुगाची खिचडी,' मी म्हटलं. 'दोनदा वाढून घेतलीत.'
पटलं त्यांना. हसले.

मुश्ताक म्हणतो, शून्यावर नेऊ नका,
प्रवाळ पांढरे पडतात. थोडं लागतं त्यांनाही.

आज रविवार. पावडर टाकली,
नळी हलवायला दादांना दिली.
मिनिटभर हलवायची असते, ते तीन मिनिटं हलवतात,
मी थांबवत नाही.
मग दहा मिनिटं नुसतं बसायचं.
एक प्रवाळ अर्धा उघडलाय,
एक बटण काढल्यासारखा.
'झालं का गं?'
'नऊ मिनिटं आहेत, दादा.'
'झालं का?'
'नऊ.'