मासे कापायचा पाट

वासंती, तुझा पांढरा पाट मीच नेला.
रविवारी तू पडवी पालथी घातलीस,
शेजारच्या मांजरावरसुद्धा आळ घेतलास,
तेव्हा मी बर्फाच्या फॅक्टरीत, कॉम्प्रेसरच्या बाजूला,
त्यातून तळहाताएवढा तुकडा
हॅक्सॉने कापत होतो.

रात्रपाळीत अमोनियाचा काटा दर तासाला बघायचा.
मधली पंचावन्न मिनिटं माझी.
त्या मिनिटांची ही गाडी.

बाजूच्या दोन पट्ट्या फुटक्या आइसबॉक्सच्या पत्र्याच्या.
साचा भाच्याच्या लग्नपत्रिकेवर काढला.
पहिलं भोक गणपतीच्या सोंडेतून गेलं,
हात जरा थांबला,
म्हणून तिरकं गेलं.
कानशीने सुधारायला गेलो तर लांबट झालं,
अजून तिथला बोल्ट ढिला होतो.

दांड्या चार,
भंगारात गेलेल्या ‘नवलाई’च्या कठड्याच्या.
मुश्ताकने लेथवर आटे पाडून दिले.
पैसे घेतले नाहीत, हसला मात्र पोटभर:
‘इंजिनं खोलणारा माणूस, खेळणं जोडतोय!’
पुढच्या शुक्रवारी स्वतःच थांबला,
‘मागचा एक्सल बसला काय रे?’

टायरांत जुन्या लाइफ-जॅकेटचा फोम.
रिंगांच्या आत जाळ्याचे शिशाचे मणी,
पुढे दहा-दहा, मागे चार-चार,
म्हणजे वजन खाली राहतं, पुढे राहतं.
तरंगायची वस्तू आणि बुडवायची वस्तू
एकाच चाकात बसवताना
मला कोणीतरी बघावंसं वाटलं होतं.
पहाटेचे तीन वाजले होते.

डिफरन्शियल एम-सीलने भरला,
पहिल्याच चढाला चुरा.
मग पितळेचा झाळ दिला.

मोटर, रिमोट तेवढे कुरिअरने आले राजापूरला.
तुला म्हटलं, पंपाचं स्पेअर.
तेही खोटं होतं.

आंबोळगडच्या सड्यावर नेली.
पोरं जमली. ‘किती पळते?’
पळत नाही रे. चढते.
‘मग?’
मला उत्तर सुचलं नाही.
समोर कमरेएवढा जांभा होता, त्याला लावली.

एक चाक कातळाच्या भोकात,
एक अधांतरी, काहीतरी चाचपणारं,
मागची दांडी वाकली,
नाही, वाकल्यासारखी दिसली.
पोरं उकिडवी बसली.
कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, ‘गप रे,’
जणू ती बिचकली असती.
सात मिनिटं.
माथ्यापासून चार बोटं खाली
ती सावकाश मागे कलली, आणि उलटली.
पाठीवर पडून चाकं फिरतच राहिली,
मी बोट काढायला विसरलो होतो.

‘बॅटरी अजून पुढे घेतली तर?’
देवदत्त आडिवरेकर, सहावी ब.
बरोबर बोलला.
सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून
बॅटरी पार नाकाशी बांधली.
तिसऱ्या खेपेला चढली.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
सगळ्यांनी पुढचा दगड दाखवला.

आता पाटाचं सांगतो.
पत्रा दगडावर अडतो, हे प्लॅस्टिक निसटतं.
बारा वर्षं त्यावरून बांगडे निसटलेत,
तुला माहीतच आहे.
म्हणून तो तुकडा गाडीच्या पोटाखाली आहे,
चार स्क्रू, तेही गंजायला लागलेत खाऱ्या वाऱ्याने.

हे सगळं ऐकून
तू गाडी उलटी धरलीस, दिव्याखाली नेलीस,
आधी वास घेतलास.
तुझ्या सुरीच्या रेघा आडव्या होत्या,
सड्याच्या उभ्या, त्यांत लाल माती भरलेली.
बोट फिरवत गेलीस:
‘ही माझी. ही माझी. ही नाही.
ही सुरमईची, त्या दिवशी सुरी बोथट होती.’

मी गप्प.
बाहेर कुणाची तरी बोट लागत होती.

गाडी मांडीवरून न उतरवता म्हणालीस,
‘उरलेला पाट कुठाय?
बोंबील तरी कापता येतील तेवढ्यावर.’