तटस्थ

दिग्रसला, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर
आमची खोली. सहा खुर्च्या, एक इन्व्हर्टर.
कूलर विकणाऱ्या कंपनीबद्दल
लोक जे जे बोलतात
ते ओळीओळीनं येतं
आणि मी रंग देते :
हिरवा, लाल, राखाडी.

मशीनला आमची बोली कळत नाही, म्हणून मी.
‘वा रे कूलर, घरातच पापड वायले!’
त्यानं हिरवा दिला होता. मी लाल केला.
‘हवा नाई बे, तुफान सोडते लेकाचा’
लाल होता. हिरवा केला.
‘अव माय’ला मात्र
मागचं-पुढचं वाचल्याशिवाय हात लावत नाही.

एका दुपारी माझंच गाव आलं.
कांचनमामी, नातवाच्या फोनवरून :
‘कूलर चांगला हाय बापा. लाइनच नाई.
रातभर सुपानं वारा घालतो लेकराले.’

वस्तूबद्दल मत : चांगलं. हिरवा.
लाइनसाठी रकाना नव्हता,
सुपासाठी तर नव्हताच.
पुण्याच्या सरांना विचारलं.
म्हणाले, विषयाबाहेरचं सोडून द्या.

महिनाअखेर अहवाल :
ग्रामीण भागात समाधान वाढतंय.
त्या चढत्या रेघेत कुठंतरी मामी,
हातात सूप.

त्या रात्री अंधारात मीही लिहिलं
कंपनीच्या पानाखाली, दोनच शब्द :
लाइन नाई.

सकाळी सहाशे बाराव्या ओळीत
मीच माझ्यासमोर.
तीन रंग. कर्सर लुकलुकतोय.
खालून दुकानदार ओरडला,
ताई, इन्व्हर्टर उतरला,
सेव्ह करून घ्या.