अकरा दिवस

नारायण पेठेत मी पंचांगाची प्रुफं वाचते.
बाहेर आषाढ,
माझ्या टेबलावर पुढच्या वर्षाचा माघ.
घटी, पळं, भद्रा, करण;
एक चतुर्थी सूर्योदय न बघताच संपलेली.
तिच्यावर लाल पेन टेकवलं
तर गणितवाले पोंक्षे म्हणाले,
राहू द्या, ती चूक नव्हे.

चूक त्याहून जुनी आहे.
चंद्राच्या बारा फेऱ्या होतात
आणि सूर्य अजून अकरा दिवस मागं,
सुट्टे आणायला गेलेल्या दुकानदारासारखा.
हा हिशेब कुणालाच जुळला नाही.

नाईलकाठची माणसं
पहाटे व्याधाची वाट बघत.
तो दिसला की पूर, पूर आला की वर्ष.
तीस-तीसचे बारा महिने बांधले त्यांनी
आणि पाच दिवस गाठोड्यात मावेनात,
तेव्हा देवांना म्हणाले, तुम्ही यांत जन्मा.
बाबिलोनात कुणीतरी ओल्या मातीवर
बोरूनं टोचत गेला:
एकोणीस वर्षं, सात जादा महिने.
ती वीट कोण तपासत होतं?
आणि आम्ही तो महिना
जावयाच्या ताटात वाढला,
तेहतीस अनारसे, वर तुपाचा दिवा.
आकाशाची बाकी
खसखशीवर थापून तळलेली.

बाइंडिंगला दस्तगीर तांबोळी.
त्याच्या चंद्राला धोंड्याचा महिना नाही.
ते अकरा दिवस तो साठवतच नाही,
म्हणून त्याचा रोजा ऋतूंतून चालत राहतो,
कधी हुरड्यात, कधी भर उन्हात
फर्म्यांवर डोकं टेकून.
‘लागलो त्या ईदला कैऱ्या धरल्या होत्या,’ म्हणाला.
‘यंदाही कैऱ्याच. झाली एक फेरी.’
मी बोटांवर मोजलं. तेहतीस.

खळीच्या डब्यामागं भिंतीवर
त्याच्या पेन्सिलीच्या तारखा आहेत,
खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर
भिडे पूल बुडाला त्या त्या दिवसाच्या.
एका वर्षापुढे नुसती आडवी रेघ.
दोन वर्षी तीन-तीनदा.
मालकांनी भिंत रंगवली तेव्हा
तेवढा तुकडा सोडायला लावला त्यानं.

गेला तो गुरुवारी.
नळाला पाणी नव्हतं,
हाताची खळ तशीच घेऊन गेला कोंढव्याला.

मग एका सकाळी
नदीपात्रातल्या गाड्या हलवा म्हणून भोंगा फिरला,
आणि दुपारी फोन.
‘गेला का?’
‘गेला.’
‘लिवा मग.’

मी तारीख लिहिली.
तिथी लिहायचं सुचलंच नाही,
मला, जिचा सगळा जन्म तिथ्यांत गेला.
पेन्सिल खिळ्याला दोऱ्यानं बांधलेली,
त्याच्या उंचीच्या हिशेबानं.
खाली लिहायचं तर
दोरा थोडा आखूड पडतो.