पुट अप

दांडिया बाजारात, झेरॉक्सच्या दुकानावर
संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग.
पारुलबेन फळ्यावर लिहितात : पुट अप.
पडदा लावणं. फळी ठोकणं.
कुणाला चार दिवस घरी ठेवून घेणं.

मग खडू पुन्हा टेकवून
शेवटी नुसतं विथ जोडतात :
सोसणं, खपवून घेणं, निभावणं.
"चलावी लेवानुं," म्हणतात,
"वाक्य बोलो, हेमलताबेन."

अकरा वर्षांपूर्वी
एक बॅग आणि शिलाई मशीन घेऊन
भावाच्या दारात रिक्षातून उतरले,
तेव्हा वहिनीनं माळ्यावरची गादी
स्वतः खाली काढली, गच्चीत उन्हात घातली.
त्याला शेपूट नव्हतं, शपथेवर सांगते.

विथ कधी लागलं?
मशीन जिन्याखाली गेलं तेव्हा?
की त्याही आधी,
"तुम्ही चहा घेणार आहात का?"
असं पहिल्यांदा विचारलं गेलं
त्या सकाळी?

"आय पुट अप विथ..." झंखना कुजबुजते,
"नॉइज, आंटी, नॉइज लिहा."
एकोणीस वर्षांची आहे. तिला नॉइजच सुचणार.

मी लिहिते नॉइज.
खरं तर मला वाक्य उलटं हवंय,
ज्यात मी कर्म असेन.
कर्मणी प्रयोग बुधवारी आहे.