जुनिपरच्या सात फांद्या

उन्हाळ्यात बोटीने पाहुणे येतात आमच्या बेटावर
आणि हिल्याबद्दल विचारतात.
वेणी किती लांब होती, एंडेल दिसायला कसा,
हातात हात घेऊनच सापडले ना दोघं?
नाही. मध्ये चाळीस पावलं होती.
मी मोजली. पण हे उत्तर कुणी घरी नेत नाही.

दोष हिल्याच्या बापाचा, असं गावात ठरलेलं आहे.
'लाकूड-कारखान्यातला पोरगा माझ्या उंबऱ्यात नको'
असं तो बोलला होता, सगळ्यांदेखत, चर्चच्या पायऱ्यांवर.
पुढे एकवीस वर्षं त्याने तो दोष मुकाट वागवला,
आणि त्याच्या जिवावर आम्ही बाकीचे
हलके हलके म्हातारे झालो.

पण त्या गुरुवारी विलेम दिवेलागणीलाच झोपला होता.
जागे होतो ते आम्ही.

कारेल टपालवाला जागा होता, दाढ ठणकत होती म्हणून.
गालाला गरम मिठाची पुरचुंडी धरून बसला होता
आणि खुंटीवरच्या थैलीत एंडेलची चिठ्ठी:
आज येऊ नकोस. बर्फ बोलतोय. शनिवारी मीच येतो.

वाइके जागी होती, नऊ वर्षांची.
ताई कुठेतरी निघालीय एवढं तिला कळलं होतं.
ताईने राहावं म्हणून तिने ताईचे बूट लपवले
पिठाच्या पिंपात.
(पांढरे होऊन सापडले ते, पुढच्या महिन्यात.)
हिल्याने दोन तास शोधले, मग बापाचे घालून निघाली.
दोन तासांपूर्वी अजून उजेड होता.

आणि मी.
गोठलेल्या समुद्रावर वाट आखायची, हे माझं काम,
दर वीस पावलांवर जुनिपरची एक फांदी,
बेटापासून थेट पलीकडच्या किनाऱ्यापर्यंत.
त्या दुपारी भेग दिसली. मी वाट उत्तरेला वळवली,
नव्या फांद्या रोवल्या, जुन्या उपटत आलो.
सात राहिल्या.
बोटांचं लाकूड झालं होतं, आणि किनाऱ्यावरून
अल्वीनेने हाक मारली: प्रीडिक, सूप निवतंय!
म्हटलं, सातच तर आहेत. सकाळी बघू.

पलीकडून एंडेलला कंदील दिसला असणार,
जुन्या वाटेवर डुलत येणारा.
तो धावला.
कारखान्याचा पहारेकरी म्हणतो, मी थांबवणार होतो,
पण वाटलं, पोरगं खुशीत पळतंय.

कारेलने दुसऱ्याच दिवशी दाढ उपटून घेतली.
चिठ्ठी त्याने मला दाखवली, एकट्या मला,
आणि चुलीत सारली.
वाइकेला आता नातवंडं आहेत. तरी अजून
पिंपात हात घालण्याआधी ती थांबते जराशी,
कुणी आत असल्यासारखी.

वाईट कुणी नव्हतं, हे मी बायबलवर हात ठेवून सांगेन.
सांगायला कुणी बोलावत नाही.

सूप वाटाण्याचं होतं,
वर धुरावलेल्या मांसाचे तुकडे.
खिडकीबाहेर निळं होत गेलं, मग काळं,
आणि मी दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला.
छान झालं होतं.