वाक्य संपेपर्यंत

मुलाझिम खल्फानने आधी टेबल हलवलं,
भिंतीला लावलं.
खुर्च्या जरा तिरक्या ठेवल्या,
एकाच विहिरीत डोकावणाऱ्या दोघांसारख्या.

तिसरी खुर्ची माझी.
सोहारच्या सरकारी दवाखान्यात मी रक्त तपासते.
बावीस वर्षं सुया टोचता टोचता अरबी शिकले.
महिना-दोन महिन्यांनी ठाण्यातून फोन येतो :
या, तुमच्या भाषेचा माणूस आहे.

माझ्या भेषेचा नव्हे, भाषेचा माणूस
निळ्या डांगरीत आला. बिरुदेव खरात.
बंदराच्या गोदामातून तांब्याची केबल गेली,
दोनशे मीटर.
रात्रपाळीच्या वहीत याचा अंगठा.

मागच्या वर्षी इथे दुसरा अधिकारी होता.
तो टेबलावर मूठ आपटायचा
आणि त्या मुठीचा अनुवाद कोणी मागत नसे.
माणसं भराभर कबूल व्हायची.
न केलेलंही.

खल्फान कहवा ओततो. खजुराची बशी सरकवतो.
घरी कोण कोण असतं, विचारतो,
आणि उत्तर खरंच ऐकतो, हे मला अजून अवघड वाटतं.
मग म्हणतो, त्या रात्रीचं सांग,
पण शेवटाकडून.
खोलीवर येऊन चपला काढल्यास ना,
तिथून मागे मागे ये.

बिरुदेव मागे चालू लागतो.
चपला. त्याआधी गाडी.
गाडीत पुढच्या बाकावर कोण, पाय कुठे ठेवले, वास कसला.
(डिझेलचा. आणि कुणाच्या तरी डब्यातल्या सुक्या मासळीचा.)
त्याआधी फाटक. त्याआधी
तो थांबतो. बोटाने दुसऱ्या हाताचा घट्टा चाचपतो.
“म्या केबल कापली”

आणि गप्प.

आता मी काय करू?
अरबीत नकार दारातच उभा असतो,
पहिल्या शब्दाला कळतं, केलं की नाही केलं.
आमच्याकडे ‘न्हाई’ सगळ्यांच्या शेवटी येते,
जेवणं उरकल्यावर पोचलेल्या पाहुणीसारखी.
ती येणार आहे का, माहीत नाही.
इथे पूर्णविराम आहे, की फक्त दम घेणं?

माझ्या जिभेवर अरबी शब्द तयार.
एक माणूस तुरुंगात जाईल एवढा तयार.
खल्फान माझ्याकडे न बघता तळहात वर करतो :
थांब.

एसीचा घुमघुमाट.
बिरुदेवच्या कपात साय नसतानाही
तो काहीतरी बाजूला सारत असल्यासारखा बघतो.
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा
अडखळत अडखळत
एक पूर्ण फेरी मारतो.

“…तवा मुकादम टॉर्च धरून हुबा हुता.
त्यो म्हनला, हितं काप, भंगारात काढलीया.”

एकच वाक्य. मध्ये एक मिनिट.
मी ते सांधा न दाखवता अरबीत ठेवलं,
मग लाज वाटून पुन्हा सांगितलं,
मधलं मिनिटही सांगितलं.
खल्फानने ते लिहून घेतलं.

जबाब वाचून दाखवला तेव्हा बिरुदेवने एकच शब्द अडवला.
केबल ‘नवी’ नव्हती, ताई. तसं काही म्या बोललो न्हाई.
बरोबर होतं. तो शब्द माझा होता,
कुठून शिरला कोण जाणे.
खोडला. खोडल्याजागी तिघांच्या सह्या.

उठता उठता त्याने विचारलं,
“ताई, तुमचं गाव कंचं?”
खोलीत बोललेलं सगळं सांगायचं असतं, असा नियम.
मी खल्फानला सांगितलं : तो माझं गाव विचारतो आहे.
“मग सांगा की,” खल्फान म्हणाला.

माझं गाव

खल्फानने कागद खाली ठेवले.
बिरुदेव पुन्हा बसला.
कोणी घाई केली नाही.